चिकटणे आणि टिकणे : झिर्कोनियावरील रेझिन-बंधाचा इतिहास

दंतवैद्यकात ‘बंध’ हा शब्द दोन भिन्न गुणांसाठी वापरला जातो. दातावर बसविलेली वस्तू प्रथम घट्ट धरली जाणे हा एक गुण. लाळ, उष्णतेतील चढउतार आणि चर्वणाचा भार सोसून ती वर्षानुवर्षे न सुटणे हा दुसरा. मराठीतील चिकटणे व टिकणे ही क्रियापदे हा भेद सहज दाखवितात. विज्ञानाला मात्र तो प्रयोगांनी शोधावा लागला, आणि झिर्कोनियाच्या इतिहासात तो विशेष स्पष्ट झाला.

या इतिहासाचा आरंभ १९५५ मध्ये होतो. मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल ३० सेकंद लावले असता रेझिनची पकड पुष्कळच वाढते, असे दाखविले. १९८३ मध्ये सिमन्सन व कॅलॅमिया यांनी तेच तत्त्व पोर्सेलीनला लावले. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने त्यातील काच अंशतः विरघळून सूक्ष्म खाचा पडतात आणि सिलेन हे द्रव्य सिलिका व रेझिन यांना रासायनिक रीतीने जोडते.

झिर्कोनियाने ही वाट बंद केली. १९७५ मध्ये गार्व्ही, हॅनिंक व पॅस्को यांनी त्याच्या विलक्षण चिवटपणाचे कारण सांगितले : भेग पसरू लागताच तिच्या टोकाशी असलेल्या स्फटिकांचे रूप बदलून ते फुगतात आणि भेगेस अटकाव होतो. या गुणामुळे १९९० नंतरच्या काळात ते दंतवैद्यकात आले. परंतु त्यात काच नाही. म्हणून पोर्सेलीनची आम्लक्रिया त्यावर निष्फळ ठरली आणि सिलेनचाही आधार उरला नाही.

१९९८ मध्ये केर्न व वेगनर या जर्मन संशोधकांनी सात पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. काही नमुने ३ दिवसांनी, तर काही १५० दिवस पाण्यात ठेवून व ३७,५०० वेळा तापमान पालटून तपासले गेले. आरंभी साधारण धरलेले काही बंध पुढे आपोआप सुटले. सिलिकेचा लेप दिलेल्या पृष्ठावरील सामान्य रेझिनचा बंध प्रथम बळकट असूनही क्षीण झाला. वालुकाघर्षणानंतर फॉस्फेट-गटयुक्त विशेष एकवारिक असलेले रेझिन वापरले, तेथेच बंध टिकला. ‘एम्‌डीपी’ नावाचे हे एकवारिक जपानमध्ये झिर्कोनियाच्या दंतोपयोगापूर्वीच तयार झाले होते. त्याचे एक टोक धातूंच्या ऑक्साइडशी, तर दुसरे रेझिनशी जुळते.

हा बंध निरपवाद नव्हे. लाळेतील फॉस्फेट झिर्कोनियाच्या पृष्ठावर बसले, तर एम्‌डीपीला जागा उरत नाही. त्यामुळे तोंडात जुळवून पाहिलेला तुकडा पुन्हा स्वच्छ करणे अगत्याचे ठरते; आणि एनॅमलवर उपकारक ठरलेले फॉस्फरिक आम्लच येथे त्या कामी वापरल्यास बंधाला बाधा आणते.

या शोधाचे मोल निरोगी दात वाचण्यात आहे. एकाच शेजारच्या दाताला चिकटविलेल्या, फारसे न कोरता बसविलेल्या पुढच्या दातांच्या १०८ झिर्कोनिया-सेतूंचा अहवाल केर्न व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दिला. त्यात दहा वर्षांचे टिकण्याचे प्रमाण ९८.२ टक्के होते. सुटलेले सहा सेतू पुन्हा बसविता आले. तिसऱ्या दिवशीच्या मापनावरून असा विश्वास निर्माण होणे शक्य नव्हते.