वऱ्हाडचा कापूस आणि व्यापारी वास्तूंचे जतन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

किल्ले, राजवाडे व देवालये यांच्या जतनाकडे इतिहासाभ्यासकांचे लक्ष सहज जाते. जिन, गुदाम अथवा मालधक्का यांच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. ज्या जिल्ह्याचे अर्वाचीन जीवन मुख्यतः कापसाने घडविले, त्या यवतमाळच्या बाबतीत ही उपेक्षा इतिहासज्ञानालाच बाधक ठरते.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापसासाठी हिंदुस्थानकडे वळावे लागले. उमरावतीच्या नावावरून वऱ्हाडी कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ ही संज्ञा मिळाली. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. परंतु यवतमाळ त्यापासून दूरच राहिले. तेथील माल बैलगाड्यांनी सुमारे २९ मैलांवरील धामणगाव स्थानकाकडे जात असे.

जिन उत्पादनक्षेत्रातच का उभे राहिले, याचे उत्तर कापसाच्या वजनात आहे. कापसातून वजनाने सुमारे एक-तृतीयांश रुई निघते. उरलेला भाग बहुतांशी सरकीचा असतो. सरकी जागीच वेगळी करून रुईच्या घट्ट गाठी बांधल्या, तर वाहतुकीचा खर्च पुष्कळ घटतो. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंदमापी मार्ग झाला. ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या ओळखीचा झालेला हा मार्ग याच व्यापाराचे अपत्य होय. त्यावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. आता ती वाहतूक थांबली आहे.

या संदर्भात अमेरिकेतील लोवेल नगराचे उदाहरण विचारार्ह आहे. तेथील बूट कापूस गिरणीची स्थापना १८३५ मध्ये झाली. गिरणी बंद पडल्यानंतर तिची वास्तू १९७८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाच्या कक्षेत आली आणि तेथे संग्रहालय उभे राहिले. त्यातील मागांच्या दालनात यंत्रमाग प्रत्यक्ष चालवून दाखविले जातात. ज्या युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव आणला, त्याच युद्धाने कच्च्या मालाअभावी लोवेलच्या अनेक गिरण्या थांबविल्या होत्या. एकाच घटनेची ही दोन टोके होत. त्यांपैकी एका टोकाची वास्तू आज अभ्यासकास साक्ष देते.

तथापि जतन म्हणजे केवळ भिंतींची डागडुजी नव्हे. मालकाची तसबीर व एखादे जुने यंत्र मांडले म्हणजे वास्तूचा इतिहास सांगून होत नाही. गाड्या उभ्या राहण्याचे आवार, वजनकाटा, जिन, दाबयंत्र व गुदाम ही साखळी अखंड राहिली, तरच शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याच्या मालकीचा कोठे झाला, हे उमजते. कागदपत्रांत बाजारभाव सापडतात. परंतु वजनकाट्याशी उभ्या असलेल्या कास्तकाराचे स्थान त्यांतून क्वचितच दिसते. यंत्र उचलून दूरच्या दालनात नेले, की वस्तू उरते व संबंध नाहीसा होतो. म्हणूनच यवतमाळसारख्या जिल्ह्यात अशा वास्तू पाडण्यापूर्वी त्यांचे नकाशे, मोजमापे व कामगारांच्या आठवणी नोंदविणे हे इतिहास-विभागांचे पहिले कर्तव्य ठरते.