तारा लपवल्या, रुळांचं काय?

आमच्या गोंदियात ट्राम कधी धावली नाही. धावायची ती अडीच फुटी रुळांवरची, बालाघाटकडे जाणारी छोटी गाडी. मी लहान असताना ती लाइन ब्रॉडगेज झाली. सोय झाली, पण माझ्याजवळ त्या गाडीचा एक फोटोही नाही.

मुंबईत नोकरीला आल्यावर फ्लोरा फाउंटनची गोष्ट कळली. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची. विजेबरोबर रस्त्यात खांब आणि डोक्यावर तारा आल्या. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. पुढे रुळांवर डांबर पडलं. काही वर्षांपूर्वी कारंज्याजवळ खोदकाम करताना तेच रूळ वर आले, आणि जुनं लोखंड एकदम वारसा ठरलं.

आज जुन्या शहरात ट्राम आणायची तर पहिला वाद तारांचाच होतो. फ्रान्समधल्या बोर्दोने २००३ मध्ये जुन्या भागात वीज रुळांच्या मधोमध, जमिनीतून दिली. गाडी ज्या तुकड्यावर असते तेवढ्यातच करंट येतो, त्यामुळे पायी चालणाऱ्याला धोका नाही. नीसची ट्राम २००७ पासून दोन जुने चौक बॅटरीवर ओलांडते. मुंबईची मेट्रो ३ तर फोर्टमध्ये जमिनीखालूनच गेली.

इंजिनिअर म्हणून मला ही कामं आवडतात. पण त्यांनी फक्त नजर सांभाळली जाते. आधीच्या लाइनचे चार मीटर रूळ जागेवर राखायचे, हे नकाशा काढतानाच ठरवावं लागतं. गोंदियात आम्हाला ते वेळेवर सुचलं नाही.