दीड अंशाची गोष्ट

आज एका साध्या प्रश्नाचा इतिहास बघू. तापमापक खरं सांगतोय, हे कशावरून ठरवायचं?

सुरुवात मगरीच्या अंड्यापासून करू. १९७५ मध्ये भारत सरकारनं मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. नदीकाठची अंडी गोळा करून ती उबवणकेंद्रात उबवायची आणि वाढलेली पिल्लं पुन्हा नदीत सोडायची, अशी ती योजना होती. सेनेगलमधल्या एका सरड्यात पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याला मिळालेल्या उबेवर ठरतं, असं मादलेन शार्निए यांनी १९६६ मध्येच नोंदवलं होतं. आपल्या मगरीचे आकडे मिळाले ते चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत. लँग, अँड्र्यूज आणि व्हिटेकर यांनी ते १९८९ मध्ये छापले. २८ ते ३१ अंश सेल्सिअसला उबवलेल्या अंड्यांतून सगळ्या माद्या निघाल्या, ३२.५ अंशांना सगळे नर.

म्हणजे फरक फक्त दीड अंशाचा! आता बाजारातला साधा डिजिटल तापमापक बघा. त्याच्या खोक्यावर बहुतेक वेळा 'अधिक-उणे १ अंश' असं लिहिलेलं असतं. असे दोन तापमापक शेजारी ठेवले आणि त्यांच्यात दोन अंशांचा फरक निघाला, तरी दोघंही आपल्या शब्दाला जागलेच म्हणायचे. अंड्यांचं मात्र तेवढ्यात सगळं बदलतं.

ही अडचण जुनीच आहे. १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीनं नामवंत कारागिरांचे तापमापक तपासले. हेन्री कॅव्हेंडिश त्या समितीचे प्रमुख होते. उकळत्या पाण्याची खूण दोन-तीन अंश फॅरनहाइटनं इकडेतिकडे निघाली. कारण हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदूही सरकतो. आजही बेंगळुरूत पाणी साधारण ९७ अंशांनाच उकळतं.

वितळत्या बर्फाचं तसं नाही. ते कुठल्याही गावात जवळजवळ त्याच तापमानाला असतं. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसनं १७४२ मध्ये हाच आधार धरला. गंमत म्हणजे त्याच्या मोजपट्टीवर बर्फ १०० वर होता आणि उकळतं पाणी शून्यावर! त्याच्या मृत्यूनंतर ती उलटी झाली.

आज मगर, कासव किंवा साप सांभाळणाऱ्या केंद्रांत हीच कसोटी कामी येते. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा गच्च भरायचा आणि फटी भरतील इतकंच थंड पाणी ओतायचं. तापमापकाची वायर असलेली, पाण्यात चालणारी टोकाची कांडी मधोमध धरायची. तळाला टेकू द्यायची नाही. अधूनमधून ढवळत आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. शून्याऐवजी ०.८ दिसलं, तर तेवढी चूक वहीत लिहायची.

पण शून्याला बरोबर असलेला तापमापक तिशीच्या पुढेही बरोबर असेलच असं नाही. म्हणून ३७ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात तापाच्या थर्मामीटरशेजारी तीच कांडी धरून दुसरी तपासणी करायची. दर हंगामाआधी, अंडी यायच्या आत.

कॅव्हेंडिशच्या समितीनं कारागिराच्या नावावर विश्वास ठेवला नाही, स्वतः तपासून पाहिलं. आपल्याकडे तर बर्फही घरातच आहे. भेटू पुढच्या भागात.