ताराबाई शिंदे
ताराबाई शिंदे (सु. १८५०–सु. १९१०): बुलढाण्याच्या सत्यशोधक विचारवंत. ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) हे त्यांचे एकमेव पुस्तक. सुरतेकडील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल झालेली शिक्षा व त्यावरून वृत्तपत्रांनी सरसकट स्त्रीजातीवर उठवलेली टीकेची झोड, हे लेखनाचे निमित्त. युक्तिवाद मात्र खटल्यापाशी थांबत नाही: दोष बाईचा की तिला पुनर्विवाह नाकारणाऱ्या शास्त्राचा, असा सवाल करताना त्यांनी देवादिकांनाही सोडलेले नाही. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये (१८८५) त्यांची बाजू घेतली. पुढे विस्मृतीत गेलेले हे पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले.