चाकाची धाव : यवतमाळ जिल्ह्यातील इतिहास

चाकाच्या परिघावर घट्ट बसविलेले कडे अथवा वेष्टन म्हणजे धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावरील धाव लोखंडी असते. मोटारगाडीच्या चाकावरील धाव रबरी व हवाभरित असून तिला टायर ही संज्ञा रूढ आहे. धाव किती घट्ट बसवावी, भार जमिनीवर कसा पसरावा व चाक आसावर कसे टिकवावे, हे तीन प्रश्न दोन्ही प्रकारच्या चाकांत समान आहेत. कापूस हे प्रमुख नगदी पीक असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नांची जुनी व नवी उत्तरे एकाच रस्त्यावर पाहावयास मिळतात.

लोखंडी धाव : वऱ्हाडात मालवाहू बैलगाडीस बंडी, तर बसण्याच्या हलक्या गाडीस रेंगी, दमणी किंवा छकडा म्हणतात. चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे व आऱ्यांच्या टोकांवरील पुठ्ठे हे सर्व भाग धावेमुळे एकत्र आवळले जातात. चाकासाठी बाभूळ व तिवस, तर आसासाठी धावड्यासारखे चिवट लाकूड वापरीत. धावेचे कडे चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या वा लाकडाच्या आगीत लाल तापवितात, प्रसरण पावलेले कडे चाकावर चढवितात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सु. १२ दशलक्षांशांनी वाढते. म्हणून १·५ मी. व्यासाच्या चाकाचे कडे ५०० अंशांनी तापविल्यास त्याचा परिघ सु. २८ मिमी. वाढतो. एवढ्या फरकावर सुतार व लोहार यांचे सारे कसब अवलंबून असे. कडे सैल राहिल्यास उन्हाळ्यात लाकूड आटताच ते निसटते, तर फार लहान केल्यास पुठ्ठे चेपतात व आरे वाकतात. सैल झालेली चाके पाण्यात भिजत ठेवण्याची प्रथा याच कारणाने पडली.

कापसाची वाहतूक : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसास मोठी मागणी आली. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. पण तो तत्कालीन वणी जिल्ह्याच्या उत्तरेकडून गेला. १९०५ मध्ये या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. या भागातील कापूस गाड्यांतून धामणगाव स्थानकापर्यंत जाई. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–यवतमाळ हा ‘शकुंतला’ नावाने परिचित झालेला अरुंदमापी लोहमार्ग झाला, तरी शेतापासून सरकी काढण्याच्या कारखान्यापर्यंतचे अंतर बंडीच तोडीत असे. अरुंद लोखंडी धाव ओल्या काळ्या जमिनीत रुतते व रस्त्यावर खोल चाकोऱ्या पाडते. त्यामुळे बैलांचे श्रम वाढतात आणि रस्ताही उखडतो.

हवाभरित धाव : रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये व जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवाभरित धावेची एकस्वे मिळविली. तिचे तत्त्व सोपे आहे : चाकावरील भार भागिले आतील दाब यावरून जमिनीला टेकणाऱ्या क्षेत्राचा अंदाज येतो. ४०० किग्रॅ. भार व दर चौ. सेंमी.स २ किग्रॅ. दाब असल्यास हे क्षेत्र सु. २०० चौ. सेंमी. असते. रबरी चाकांच्या बैलगाड्यांमुळे बैलांचे ओढकाम हलके झाले. पण लोहाराच्या अंदाजाची जागा दाबमापकाने घेतली. दाब कमी असल्यास धावेच्या कडा वाकून तापतात व झिजतात. तो अधिक असल्यास मधला भाग झिजतो व पकड घटते. दाब नेहमी थंड चाकात मोजावा. २·२ किग्रॅ. दाबाची हवा २७° से. वरून ६७° से. ला गेल्यास दाब सु. २·६ होतो. हे वाढलेले प्रमाण पाहून हवा सोडल्यास चाक थंड झाल्यावर दाब अपुरा पडतो. विदर्भातील कडक उन्हाळ्यात ही चूक विशेष घातक ठरते.

चाकाची बांधणी : बैलगाडीचे चाक आसाच्या टोकावरील खिळीने अडविले जाते, तर मोटारीचे चाक नटांनी तुंब्याच्या चकतीवर दाबून धरले जाते. भार मुख्यतः या दाबामुळे निर्माण होणाऱ्या घर्षणाने पेलला जातो. नट सैल असल्यास चाक सरकून खुंट्यांवर पुनःपुन्हा वाकण्याचा ताण येतो व त्या तुटतात. अतिघट्ट केल्यास खुंट्या ताणल्या जातात. सामान्य मोटारींस प्रत्येक नटास सु. ९० ते १२० न्यूटन-मीटर परिबल लागते. निश्चित आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावा. मूळ चाके काढून मिश्रधातूची वेगळी चाके बसविताना नटाची बैठक शंकूच्या आकाराची आहे की गोलाकार, मळसूत्राची लांबी पुरेशी आहे का आणि मधले भोक तुंब्याशी जुळते का, हे पाहणे आवश्यक असते. नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने व परिबलदर्शक पान्याने आवळतात आणि ५० ते १०० किमी. प्रवासानंतर पुन्हा तपासतात.

नागपूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ जिल्ह्यातील वडकी, करंजी व पांढरकवडा या गावांवरून जातो. येथे वेग मोठा असल्याने निसटलेले चाक वाहनापुरते धोक्याचे राहत नाही. ते वाटेतील पादचाऱ्यावर वा दुचाकीस्वारावर आदळू शकते. बंडीची धाव निखळली, तर गाडी जागीच थांबे व खोळंबा गाडीवानाचाच होई. घट्टपणाचे माप तेव्हा लोहाराच्या हातात होते. आता ते आकड्यांत नोंदलेले असले, तरी ते पाळण्याची जबाबदारी माणसाचीच आहे.