पिवळ्या रेषेचे मूळ गाव

गेल्या दिवाळीत घरी शेव तळायचे काम चालले होते. तेवढ्यात सौभाग्यवतींच्या हातून चिमूटभर मीठ गॅसच्या शेगडीवर सांडले आणि निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक झाली. आठवीतली नात ओरडली, ‘‘आबाजी, हे काय झालं?’’

नरखेड तालुक्यातल्या संत्र्याच्या मुलखात ज्याने तीस वर्षे विज्ञान शिकविले, त्याला यापरता गोड फराळ कोणता! मी तिला सांगितले की, तापलेला वायू आपल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. मिठातल्या सोडियमचा रंग पिवळा. हा प्रकाश लोलकातून नेला की रेषा उमटतात, आणि त्या रेषा म्हणजे त्या द्रव्याची सहीच! भरात मी पुढेही गेलो. ‘‘अशाच एका पिवळ्या रेषेवरून सूर्यावरचा हेलियम सापडला, आणि तोही आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून. लॉकियर साहेबाने १८६८ च्या ग्रहणात तो पाहिला.’’

‘‘हे कुठं वाचलं तुम्ही?’’ तिने सहज विचारले.

मी गप्प झालो. वाचले कुठेच नव्हते. माझ्या मास्तरांनी मला सांगितले, मी माझ्या पोरांना सांगितले. त्या रात्री पुस्तके काढून बसलो.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण आपल्या देशातून दिसले, हे खरेच. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन तेव्हा आंध्रात गुंटूरला होता. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांशी झुंजत बसला होता. ढगांच्या फटीतून सूर्याच्या कडेच्या ज्वालांमध्ये त्याला तीन तेजस्वी रेषा दिसल्या: तांबडी, निळी आणि मधली चक्क नारिंगी! आम्हा संत्रेवाल्यांना तिचे कौतुक वाटावे यात नवल नाही. पहिल्या नजरेला ती सोडियमचीच वाटण्याजोगी होती.

आणि लॉकियर? तो त्या वर्षी इंग्लंडात होता! २० ऑक्टोबरला त्याने आपल्या दुर्बिणीतून, ग्रहणावाचूनच, त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशेजारी होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. जान्सेनचे आणि त्याचे पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचले गेले. या परक्या रेषेच्या धन्याला पुढे सूर्यावरून ‘हेलियम’ हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो वायू रॅम्झेच्या हाती लागला १८९५ साली.

विजयदुर्गावर लॉकियर आला होता खरा. पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणांचे एक ग्रहण झाले, आणि त्याला मीही तीस वर्षे हातभार लावला.

मन खट्टू झाले. पण नातीला खरी हकीकत सांगू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ती दंतकथेपेक्षा पुष्कळ मोठी आहे. कारण ती रेषा सूर्यापाशी थांबलेलीच नाही. दूरच्या ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरतात. असा एखादा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकला, की चिमुकले ग्रहणच लागते. त्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून आपल्याकडे येतो. तिथले वायू आपापल्या रंगाचा प्रकाश शोषून घेतात, आणि जो रंग उणा पडला, त्यावरून वायू ओळखायचा. २००१ साली हबल दुर्बिणीने परक्या ग्रहाच्या वातावरणात पहिल्यांदा काय हेरले? सोडियम! आमच्या शेगडीतलाच. आणि २०१८ साली, त्या ग्रहणाला दीडशे वर्षे होत असताना, सुमारे दोनशे प्रकाशवर्षांवरच्या ‘वॅस्प-१०७’ ताऱ्याच्या ग्रहावर हेलियम सापडला. फरक इतकाच, की ती रेषा पिवळी नव्हती. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातली होती.

२०१९ साली अशाच एका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याचा मान भारताला मिळाला. ताऱ्याला भौतिकीतल्या बिभा चौधुरींचे नाव दिले. ग्रहाचे ‘संतमस’, म्हणजे ढगाळलेला, हे नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचविले. ग्रहाच्या वातावरणावरूनच त्याचे बारसे झाले!

‘‘म्हणजे आबाजी, तुमचं चुकलं होतं तर!’’ नातीने निकाल दिला.

चुकले होते. सोडियमसारखी दिसणारी प्रत्येक रेषा सोडियमची नसते, हे जमखंडीपासून इंग्लंडपर्यंतच्या माणसांनी नीट मोजून पाहिले, म्हणून हेलियम सापडला. मी मात्र ऐकलेले कधी मोजून पाहिले नाही.

यंदाही भाऊबीजेला जुने विद्यार्थी भेटायला येतील. त्यांतले काही आता स्वतःच मास्तर आहेत. फराळाचे ताट पुढे करण्याआधी त्यांना ही दुरुस्ती सांगायची, असे मी ठरविले आहे. चिमूटभर मीठ जवळ घेऊनच बसेन म्हणतो.