पो नदी

पो ही इटलीतील सर्वांत लांब नदी होय. फ्रान्सच्या सीमेजवळ, आल्प्स पर्वतातील मोनव्हीझो शिखराच्या उतारावर, सुमारे २,००० मीटर उंचीवर ती उगम पावते. तेथून सुमारे ६५० किलोमीटर पूर्वेकडे वाहत ती व्हेनिसच्या दक्षिणेस एड्रियाटिक समुद्राला मिळते. प्राचीन रोमन तिला ‘पादुस’ म्हणत. तुरीन, पिआचेन्झा आणि क्रेमोना ही शहरे तिच्या काठी वसली आहेत.

टिचिनो, अद्दा या उत्तरेकडील उपनद्या आल्प्समधील वितळलेल्या बर्फाचे पाणी आणतात. दक्षिणेकडील अपेनाइन्स पर्वतातून येणाऱ्या नद्या मुख्यतः पावसावर अवलंबून असतात. या पाण्याने पोचे खोरे इटलीचे धान्यकोठार बनले. १८६६ मध्ये पूर्ण झालेल्या कव्हूर कालव्यामुळे व्हेर्चेल्ली आणि नोव्हारा परिसरातील भातशेतीस सिंचन मिळाले.

नदीला वळण लावण्याचे प्रयत्न जुने आहेत. गाळाने आपले खाजण बुजेल या भीतीने व्हेनिस प्रजासत्ताकाने १६०० ते १६०४ या काळात कालवा खोदून तिचे मुख दक्षिणेकडे वळविले. आजचा त्रिभुज प्रदेश त्यानंतर समुद्रात पुढे सरकत गेला. नदीला दोन्ही काठांनी बांध घालण्यात आले. तथापि नोव्हेंबर १९५१ मध्ये ते फुटले. पोलेसिने भागात सुमारे शंभर जण मृत्युमुखी पडले आणि दीड लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

त्याच सुमारास या प्रदेशात मिथेन वायूसाठी भूगर्भातील पाणी मोठ्या प्रमाणावर उपसले जात होते. त्यामुळे जमीन काही ठिकाणी दोन मीटरहून अधिक खचली. १९६० च्या दशकात हा उपसा थांबविण्यात आला. मात्र खचलेली भूमी पुन्हा वर आली नाही. आज त्रिभुज प्रदेशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली असून पंपांनी पाणी उपसून तो कोरडा ठेवावा लागतो.

पूर ही एक आपत्ती, तर टंचाई ही दुसरी. २०२२ मध्ये आल्प्सवर अत्यल्प बर्फ पडला आणि पाऊसही लांबला. जुलैमध्ये इटलीच्या सरकारने उत्तरेकडील पाच प्रांतांत आणीबाणी जाहीर केली. प्रवाह क्षीण होताच समुद्राचे खारे पाणी नदीच्या मुखातून सुमारे ३० किलोमीटर आत शिरले आणि शेतीसाठी ते निरुपयोगी ठरले. समुद्राला थोपविणारा खरा बांध म्हणजे नदीचा स्वतःचा प्रवाह, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.